ढोल हिसकावला, पाय उरले



'स्टॉम्प द यार्ड' हा २००७ सालचा अमेरिकन सिनेमा. वरवर बघितला तर मसाला. भावाचा खून झालेला लॉस एंजेलिसचा काळा पोरगा अटलांटाच्या कॉलेजात येतो, बागकाम करून फी भरतो, पोरांच्या एका फ्रॅटर्निटीत, म्हणजे बंधुसंघात, शिरतो आणि स्टेपच्या स्पर्धेत उतरतो. स्टेप म्हणजे मुख्य वाद्य माणूसच. बूट आपटायचे, मांड्या-छाती बडवायची, टाळ्या, आरोळ्या, सगळे एका ठेक्यात. आमच्या साचाखात्यात आवाजापुढं शब्द ऐकू येत नाही, हातानं-भुवईनं बोलतो आम्ही. त्यामुळं मला हे परकं वाटलं नाही.

पण सिनेमा एक गोष्ट गिळतो. वाद्य गेलं कुठं?

९ सप्टेंबर १७३९, रविवार. दक्षिण कॅरोलायनात स्टोनो नदीकाठी वीसेक गुलामांनी दुकान फोडलं, बंदुका उचलल्या आणि ढोल बडवत निघाले. स्पेनच्या ताब्यातल्या फ्लोरिडात मुक्ती होती. ढोल ऐकून वाटेत माणसं मिळत गेली. मळेवाल्यांनी बंड चिरडलं, आणि १७४० साली कायदा केला : गुलामानं ढोल, शिंग बाळगायचं नाही. त्याच कायद्यात दुसरं कलम : गुलामाला लिहायला शिकवील त्याला शंभर पौंड दंड. ढोल आणि लेखणी, दोन्हींची मालकाला सारखीच धास्ती! कानात शिसं ओतायला सांगणारं गौतम धर्मसूत्र ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे वेगळं समजवायला नको.

मग काळ्यांनी मांड्या, तळहात, जमीन यांचा ढोल केला. स्टोनोपासून आजच्या स्टेपपर्यंत सरळ रेघ ओढता येत नाही. मधे फौजी कवायत मिसळली, बरंच काही मिसळलं. पण अंगाचं वाद्य होतं ही विद्या गुलामीतली.

आणि लेखणी? ४ डिसेंबर १९०६ ला कॉर्नेलमध्ये सात काळ्या विद्यार्थ्यांनी अल्फा फाय अल्फा काढली. गोऱ्यांच्या संघांची दारं त्यांना बंद होती. जानेवारी १९१३ मध्ये हॉवर्डच्या बावीस पोरींनी डेल्टा सिग्मा थीटा काढली आणि मार्चमध्ये मताच्या हक्कासाठी वॉशिंग्टनच्या मोर्चात उतरल्या. त्याच साली जुलैत बाबासाहेब न्यूयॉर्कला उतरले. पुढं १९४६ साली त्यांनी ज्या डु बॉइसना पत्र लिहिलं, ते अल्फाचेच.

या संघांत सगळं सोन्याचं नाही. कातडीच्या उजळपणावरून काळ्यानं काळ्याला हिणवणं तिथंही होतं. स्पाइक लीनं १९८८ च्या 'स्कूल डेझ'मध्ये ते उघडं केलं. 'स्टॉम्प द यार्ड' तेवढी हिंमत करत नाही. जुन्या नामवंतांच्या फोटोंपुढं नायकाला उभा करतो, की चालला परत स्पर्धेकडं.

आमच्या वस्तीतल्या पोरांनी हा सिनेमा मोबाईलवर पाहिला. जयंतीला डीजे नको, स्टेप बसवू म्हणाली. मी म्हटलं बसवा, पण आधी १७४० चं ऐका. ऐकून एकानं विचारलं, संगतीला हलगी घेऊया का? झालं, भांडण. एक म्हणतो ती आपली कला. दुसरा म्हणतो, तिथं ढोल हिसकावला, इथं गळ्यात बांधला. माझ्या आज्यानं पाटलाच्या दारात वाजवली, मी हात लावणार नाही. रात्री एकपर्यंत चाललं. परवा पुन्हा बसायचं ठरलंय.