धडधडत्या हृदयातील झडप : एका शस्त्रक्रियेचा इतिहास

हृदयाच्या शस्त्रक्रियेसाठी राहाता परिसरातील रुग्णाला एके काळी मुंबई वा पुण्याचीच वाट धरावी लागे. आज शिर्डीला श्री साईबाबा संस्थानच्या रुग्णालयात ही सोय आहे. चिचोंडीचे सुपुत्र आचार्यसम्राट आनंदऋषिजी महाराज १९९२ साली नगर मुक्कामी देवलोकवासी झाले. त्यांच्या पुण्यस्मरणार्थ जैन सोशल फेडरेशनने नगरला उभारलेल्या रुग्णालयातही हृदयशस्त्रक्रिया केंद्र आहे. सोय जवळ आली, तसे नवे शब्दही घरोघरी आले. ‘बीटिंग हार्ट’ हा त्यांपैकीच एक. हृदय थांबवले नाही म्हणजे धोका टळला, असा समज त्यामागे असतो. बायपासमध्ये टाके हृदयाच्या पृष्ठभागावरील धमन्यांना घालायचे असतात; झडप मात्र आत, वाहत्या रक्तात असते. म्हणून एकाचे गुणदोष दुसऱ्यास लावता येत नाहीत.

झडपेची शस्त्रक्रिया जन्मली तीच मुळी धडधडत्या हृदयावर. लहानपणी घशाच्या जंतुसंसर्गामागून येणाऱ्या संधिवाताच्या तापाने मिट्रल झडपेच्या पाकळ्या कालांतराने एकमेकींस चिकटतात, रक्ताची वाट अरुंद होते आणि ऐन तारुण्यात दम लागू लागतो. १९२५ साली लंडनमध्ये हेन्री सूटर यांनी अशा एका तरुण मुलीच्या हृदयाच्या डाव्या कप्प्यात बोट घालून ती झडप मोकळी केली. मुलगी बरी झाली. तरीही तत्कालीन वैद्यांनी सूटर यांच्याकडे दुसरा रुग्ण पाठविला नाही! खरा दोष झडपेत नसून हृदयाच्या स्नायूत आहे, अशी त्यांची धारणा होती. पुढे जून १९४८ मध्ये अमेरिकेत चार्ल्स बेली व ड्वाइट हार्केन यांनी काही दिवसांच्या अंतराने हा मार्ग पुन्हा खुला केला. बेली यांचे आधीचे रुग्ण दगावले होते, हेही विसरता येत नाही.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांच्या विभागाने १९५० च्या दशकात ही शस्त्रक्रिया रुजविली. याच सेन यांनी १९६८ साली भारतातील पहिले हृदयारोपण केले. गरीब देशाला ही शस्त्रक्रिया मानवणारी होती. हृदय-फुप्फुस यंत्र नको, रक्त थोडे, खर्च बेताचा. गर्भवती स्त्रियांचेही प्राण तिने वाचविले. परंतु सर्जनला आतले काही दिसत नसे, सारी भिस्त बोटाच्या स्पर्शावर. आतील रक्ताची गुठळी सुटून मेंदूत गेली तर पक्षाघात, पाकळी फाटली तर झडप गळू लागे. चुना साचलेल्या झडपेपुढे बोट हतबल होई, आणि काही वर्षांनी वाट पुन्हा अरुंद होण्याची शक्यता राहीच.

१९५३ साली जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने हृदय उघडून यशस्वी शस्त्रक्रिया केली आणि हृदय थांबवून, डोळ्यांनी पाहून काम करण्याचे युग आले. १९६० पासून कृत्रिम झडपाही बसू लागल्या. मात्र थांबविलेल्या हृदयाचा रक्तपुरवठा तेवढा काळ खंडित होतो. दुर्बल हृदयास ते सोसत नाही. म्हणून काही सर्जन आता झडप बदलतानाही हृदय धडधडते ठेवतात. येथे एक गोष्ट नीट ध्यानी घ्यावी : यात यंत्र सुटत नाही, ते चालूच असते. स्नायूला रक्त मिळत राहते, हा लाभ. उलट हलत्या, रक्ताळलेल्या जागी टाके घालणे कठीण, आणि डाव्या कप्प्यात शिरलेली हवा धडधडते हृदय थेट मेंदूकडे ढकलू शकते. निवडक रुग्णांना ही पद्धत उपकारक ठरते. सर्वांना ती सरस आहे असे सिद्ध झालेले नाही.

१९८० च्या दशकात जपानच्या कांजी इनोउए यांच्या फुग्याने बोटाची जागा घेतली. जांघेतील शिरेतून नेलेला हा फुगा चिकटलेली झडप उघडतो, तेही हृदय धडधडत असताना. २००२ साली फ्रान्समध्ये अलें क्रिबिए यांनी याच धर्तीवर छाती न उघडता महाधमनीची नवी झडप बसविली. वृद्धांना हे वरदान; तथापि अशा झडपांच्या पाकळ्या गाईच्या वा डुकराच्या ऊतींच्या असतात, ही बाब जैन कुटुंबांना फार उशिरा कळते. धातूची झडप हा पर्याय छाती उघडूनच मिळतो आणि तिच्यासाठी रक्त पातळ करणारे औषध आयुष्यभर, नियमित तपासणीसह घ्यावे लागते. बोटाने वा फुग्याने उघडलेली झडप मात्र रुग्णाची स्वतःचीच राहते. कोणती झडप बसणार, हे डॉक्टरांना पहिल्याच भेटीत विचारता येते; शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री विचार करण्यास अवधी उरत नाही.