पोटाचा वेगळा वार

वजन उचलण्याच्या व्यायामात पोटाचे व्यायाम कुठे बसवायचे, हा प्रश्न तालमीतल्या पहिलवानाला फारसा पडला नसावा. जोर मारताना कंबर खाली सोडून पुन्हा वर घ्यायची तर पोट आवळावेच लागते. मुद्गल पाठीमागून फिरवून पुढे आणताना धड सावरते ते पोटानेच. बाळंभटदादा देवधरांनी दुसऱ्या बाजीरावाच्या काळात नावारूपाला आणलेल्या मल्लखांबावर तर अढी घालून उलटे लटकलेले शरीर वर घेण्याचे बरेचसे काम पोटच करते. असे असताना पोटासाठी वेगळा वार ठेवायचे कारणच नव्हते.

पोटाच्या व्यायामाची इतर व्यायामापासून फारकत झाली ती ताकदीपेक्षा दिसण्यापायी, असे माझे मत आहे. शक्तीचे खेळ करणारा युजेन सॅण्डो १८९४ मध्ये एडिसनच्या कॅमेऱ्यासमोर उभा राहिला तो वजन उचलायला नव्हे, स्नायू दाखवायला. १९०१ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये त्याने शरीरसौष्ठवाची स्पर्धा भरवली, आणि पुढे चारेक वर्षांत तो हिंदुस्थानचा दौराही करून गेला. (आपल्याकडे तो उरला मुख्यतः बनियनपुरता.) छायाचित्रात किलो दिसत नाहीत, पोटावरचे चौकोन मात्र दिसतात.

यावर कुणी नौलीकडे, म्हणजे पोटाचे स्नायू घुसळण्याच्या योगक्रियेकडे, बोट दाखवील. नौली पोटाचीच, हे खरे. पण हठयोगात ती शुद्धिक्रियांत मोडते. बडोद्यात व्यायामशिक्षक माणिकरावांच्या हाताखाली तयार झालेल्या स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापले आणि नौलीच्या वेळी शरीराच्या आतला दाब किती उतरतो, हे तपासले. वजन पेलण्याशी त्या प्रयोगांचा संबंध नव्हता. दुसरा आक्षेप पहिलवानाच्या सुटलेल्या पोटाचा. त्याला उत्तर रशियाच्या वासिली अलेक्सेयेवने दिले आहे: १९७६ मध्ये माँट्रिऑल ऑलिम्पिकला त्याने २५५ किलो डोक्यावर नेले, तेव्हा त्याचे पोट पट्ट्यावरून ओघळत होते. चरबी स्नायू झाकते, त्याचे काम थांबवत नाही.

मग आजचे वेगळे पोटाचे व्यायाम फुकटचेच का? तसेही नाही. १९७२ नंतर ऑलिम्पिकमधून उभ्याने वजन डोक्यावर ढकलण्याचा प्रेस हा प्रकार गेला, आणि जिममध्ये बाकावर पाठ टेकून वजन ढकलणे हीच ताकदीची ओळख होऊन बसली. उभ्याने वजन डोक्यावर नेताना पोटाला जे राबावे लागे, ते आडवे पडल्यावर बरेच कमी होते. ही तूट वेगळ्या व्यायामाने भरावी, पण शेवटी: थकलेले पोट घेऊन जड बैठका मारल्या, तर भार कण्यावर येतो.