आजारी रजेवर गेलेले वैमानिक

परवा रोहा-दिवा गाडीत पेणला चढलो, तर समोर नागोठण्याहून आलेली दोन पोरं. नवी मुंबई विमानतळावर ग्राउंड स्टाफच्या मुलाखतीला निघालेली. एकाने विचारलं, "काका, तिथे युनियन-बिनियन चालत नाही ना? एजंट म्हणाला, तसल्या पोरांना घेत नाहीत."

त्याला जेट एअरवेजची गोष्ट सांगायला घेतली आणि पनवेल आलं. राहिलेली इथे सांगतो.

ऑक्टोबर २००८. जेटने एका फटक्यात सुमारे ८०० जणांना घरी पाठवलं, आणखी ११०० जणांचा नंबर होता. युनिफॉर्ममधली मुलं-मुली रस्त्यावर रडताना आपण टीव्हीवर पाहिली. ती राज ठाकरेंकडे गेली. परत घेतलं नाही तर मुंबईतून जेटचं विमान उडू देणार नाही, असा इशारा ठाकरेंनी दिला. दोनच दिवसांत मालक नरेश गोयल यांनी सगळ्यांना परत घेतलं. छान झालं. पण नोकरी वाचली ती दुसऱ्याच्या दमावर, हे वैमानिकांच्या बरोबर लक्षात आलं असावं.

कारण २००९ मध्ये त्यांनी स्वतःची संघटना काढली, नॅशनल एव्हिएटर्स गिल्ड. कंपनीने दोन ज्येष्ठ वैमानिकांना काढून टाकलं. संघटना काढली म्हणूनच, असं बाकीच्यांचं म्हणणं. आता संप करायचा तर विमानसेवा पडली सार्वजनिक उपयोगाची. आधी नोटीस हवी, समेटाची बोलणी चालू असताना संप करता येत नाही, आणि हायकोर्टानेही मनाई केलेली. मग ८ सप्टेंबरला शेकडो वैमानिक एकदम 'आजारी' पडले! रोज शेकडो उड्डाणं रद्द. गोयल यांनी तर त्यांना दहशतवाद्यांची उपमा दिली. प्रवाशांचे हाल झाले हे खरंच, आणि लाखांत पगार घेणाऱ्याला कामगार कसं म्हणायचं, असं तेव्हा आमच्या कट्ट्यावरही बोललं जायचं. मीही बोललो असेन. पण पाचव्या दिवशी समझोता झाला आणि काढलेल्यांना परत घेतलं गेलं. मुद्दा पगारवाढीचा नव्हताच.

चरीच्या शेतकऱ्यांचा १९३३ ते १९३९ असा सहा वर्षं चाललेला संप ज्या जिल्ह्यात झाला, तिथल्या पोरांना हे खरं तर मी सांगायला नको.

पुढचं मात्र वाईट आहे. २०१९ मध्ये जेट कर्जात बुडाली, महिनोन् महिने पगार थकले. वैमानिकांनी विमानं थांबवायचं ठरवलं, मग पुढे ढकललं. स्टेट बँकेने १५०० कोटी द्यावेत म्हणून हीच संघटना हात जोडत होती. १७ एप्रिलच्या रात्री अमृतसरहून मुंबईला शेवटचं विमान उतरलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने कंपनी मोडीत काढायला सांगितलं. बंद पडलेल्या संस्थेकडून हक्काचे पैसे काढणं काय असतं, हे पेण अर्बनच्या ठेवीदारांना विचारा. तिथे २०१० पासून चपला झिजल्यात. कंपनीच उरली नाही तर संप कोणाविरुद्ध करणार?

आता त्या पोरांच्या कामाचं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्यात. संपाची १४ दिवस आधी नोटीस आता सगळ्याच आस्थापनांत, म्हणजे धाटाव एमआयडीसीतही. आणि निम्म्या किंवा त्याहून जास्त कामगारांनी ठरवून एका दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही संपच. २००९ ची पळवाट कायदा करणाऱ्यांच्या नजरेतून सुटली नव्हती तर. ३०० पेक्षा कमी कामगार असतील तर कपातीला सरकारची परवानगीही लागत नाही. पण संघटना करण्याचा हक्क काढून घेतलेला नाही. एजंट काहीही म्हणो.

नोकरी विमानतळाची की मधल्या ठेकेदाराची, एवढं पत्रावर नीट वाच, असं त्या पोराला उतरताना सांगितलं. पत्र मिळालं की फोटो व्हॉट्सॲपवर पाठवतो म्हणालाय. अजून आलेला नाही.