गॉयडरची रेघ आणि पावसाची सरासरी

आज आपण ऑस्ट्रेलियातल्या पावसाकडे वळूया. या खंडाची वार्षिक सरासरी साधारण 465 मिलिमीटर. पण 1974 साली तिथे सुमारे 760 मिलिमीटर पडला, आणि 2019 साली जेमतेम 277. मग सरासरीच्या भरवशावर शेती करणाऱ्याने काय करायचं?

1865 मध्ये साउथ ऑस्ट्रेलिया या वसाहतीपुढे हाच प्रश्न होता. दुष्काळाने उत्तरेकडची कुरणं करपली होती. सर्व्हेअर जनरल जॉर्ज गॉयडर घोड्यावरून तो मुलूख फिरले. पावसाच्या नोंदी तुटपुंज्या, म्हणून त्यांनी झाडोरा वाचला. मॅलीची झुडपं कुठे संपतात, सॉल्टबुश कुठे सुरू होतं, हे पाहून त्यांनी नकाशावर रेघ ओढली. तिच्या दक्षिणेला धान्य घ्यावं; उत्तरेला फार तर मेंढरं राखावीत.

आता गंमत बघा. 1870च्या दशकात पाऊस छान झाला. रेघेपलीकडेही गहू डोलू लागला. नांगर फिरला की त्याच्या मागून पाऊस येतो, असं लोक म्हणू लागले! 1874 मध्ये सरकारने रेघेचं बंधन उठवलं. शेतकरी उधारीवर जमिनी घेऊन उत्तरेला सरकले. 1880 पासून पुन्हा कोरडी वर्षं आली आणि अनेकांना घरदार सोडून परतावं लागलं. त्यांच्या दगडी घरांच्या भिंती आजही माळावर उभ्या आहेत.

चार-सहा चांगल्या वर्षांना लोकांनी हवामान मानलं, तिथे सगळं बिघडलं. गॉयडर यांनी मात्र वाईट वर्ष गृहीत धरलं होतं.

याचा आपल्याशीही संबंध आहे. 1877 साली आपल्या दख्खनेत भीषण दुष्काळ होता. भारत आणि ऑस्ट्रेलिया यांचे दुष्काळ बरेचदा सोबतच येतात, हे चार्ल्स टॉड यांनी 1888 मध्ये नोंदवलं. पुढे भारतीय हवामान खात्याचे प्रमुख गिल्बर्ट वॉकर यांनी त्यामागचं हवेच्या दाबाचं दोलन शोधलं. एल निनोशी त्याचं नातं तर त्याहून उशिरा उमगलं.

म्हणून पावसाचा इतिहास वाचताना आपण सरासरीसोबत दोन्ही टोकंही विचारायला हवीत. शेतकऱ्याच्या वाट्याला सरासरी येत नाही, एकेक वर्ष येतं. पुढच्या वेळी आपण 1895 ते 1902च्या दीर्घ दुष्काळाबद्दल बोलू.