चौकातला कोबी

आज जाऊया १९४२च्या लेनिनग्राडला. जर्मन वेढ्यातला पहिला हिवाळा नुकताच सरलाय. डिसेंबरात लहान मुलांना दिवसाला १२५ ग्रॅम पाव मिळायचा, तोही भेसळीचा. लाखो माणसं भुकेनं गेली.

उरलेल्यांनी मार्च-एप्रिलमध्ये आधी रस्ते साफ केले; बर्फाखाली प्रेतंही होती. मग बागा, मैदानं खणायला घेतली. पेरलेलं हाती येईपर्यंत रानपाला शिजवून खाल्ला. तिथला उन्हाळा आखूड, पेरणी चुकली तर पुढचा हिवाळाही तसाच!

सेंट आयझॅक कॅथेड्रलसमोर कोबी लावला होता. त्याच्या काढणीचा फोटो पाहिला तेव्हा मला तो खोटाच वाटला, खरं सांगतो. एवढं भव्य चर्च, अन् पुढ्यात कोबीचे गड्डे!

वेढा पूर्ण उठायला मात्र १९४४चा जानेवारी उजाडला.