हिवतापाचा डास : नेम कुठे धरायचा?

हिवताप म्हटला की मुलांच्या डोळ्यांपुढे गटार येते. पिंपरी-चिंचवड ते चाकण या कारखानदारी पट्ट्यात मात्र शोध वेगळ्या ठिकाणी घ्यायला हवा. गच्चीवरची उघडी टाकी, बांधकामावरचा हौद, आवारात पडलेले पिंप अशा ठिकाणी साठलेले स्वच्छ पाणी ‘अ‍ॅनॉफिलीस स्टीफेन्सी’ या शहरी डासाला मानवते.

१८९७ साली रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबाद येथे डासाच्या जठरात हिवतापाचे परजीवी सापडले. चारच वर्षांनी, १९०१ मध्ये, ग्लेन लिस्टन यांनी स्टीफेन्सी या जातीचे पहिले वर्णन केले, तेही आपल्या वऱ्हाडातील एलिचपूर, म्हणजे आजच्या अचलपूर येथून. मुंबईतील हिवतापावरील चार्ल्स बेंटली यांचा अहवाल १९११ मध्ये निघाला. त्यात दोषी ठरल्या घरोघरच्या विहिरी. त्या बंद करण्यास धार्मिक कारणांनी विरोधही झाला. नेम होता पाण्यातील अळीवर.

१९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला आणि नेम बदलला. रक्त पिऊन जड झालेली मादी भिंतीवर विसावते, म्हणून खेड्यांत घरांच्या भिंतींवर डीडीटी फवारले गेले. यामागचे जीवशास्त्र समजून घेण्यासारखे आहे. मादीने रुग्णाचे रक्त प्यायल्यावर परजीवी तिच्या लाळग्रंथींत पोचायला साधारण दहा-बारा दिवस लागतात. तेवढी ती जगलीच नाही, तर रोग पुढे जात नाही. म्हणजे सगळे डास मारण्याची गरज नसते. त्यांचे आयुष्य तोकडे केले तरी पुरते.

१९६५ पर्यंत देशातील रुग्ण सुमारे एक लाखावर आले. पुढे डासांत डीडीटीला प्रतिकार निर्माण झाला, कामात ढिलाई आली, शहरांकडेही दुर्लक्ष झाले. १९७६ मध्ये रुग्णसंख्या सुमारे ६४ लाखांवर गेली. नागरी हिवताप योजना १९७१ मध्ये आली होती. तिचा भर पुन्हा अळीवरच होता.

आता तिसरे लक्ष्य पुढे आले आहे : डास जगू द्यायचा, पण त्याच्या शरीरातील परजीवीची वाट अडवायची. २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातील शास्त्रज्ञांनी याच स्टीफेन्सीमध्ये परजीवीविरोधी जनुके घातली. ती जवळजवळ सर्व संततीत उतरतील अशी योजनाही त्यांनी केली. हा प्रयोग प्रयोगशाळेतला होता. असे डास मोकळे सोडावेत का, हा प्रश्न केवळ विज्ञानाचा नाही.

शाळेत करता येण्याजोगे काम मात्र जुन्या लक्ष्याचेच आहे. टाकीतले पाणी पांढऱ्या बशीत घेऊन मुलांना दाखवावे. अ‍ॅनॉफिलीसची अळी पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर पडून राहते. क्यूलेक्स आणि एडिसच्या अळ्या डोके खाली करून तिरक्या लोंबतात. उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला आठवड्याहून थोडे अधिक दिवस लागतात. आठवड्यातून एक दिवस भांडी व हौद कोरडे का करायचे, हे मग मुले आपणहून सांगतील. बांधकामावर राहणाऱ्या मुलांच्या घरीही ते पोचेल.