वेंड (इंग्रजी क्रियापद)

वेंड : ‘वाट धरणे, मार्गस्थ होणे, वळणे घेत सावकाश जाणे’ या अर्थाचे जुन्या वळणाचे इंग्रजी क्रियापद. आज ते एकटे क्वचितच भेटते. ‘वेंड वन्स वे’ या वाक्प्रचारापुरते ते उरले आहे. जत्रा उलगल्यावर माणसे रमतगमत गावाकडे निघाली किंवा ओढा शेताशेतांतून वाट काढत गेला, असे लिहायचे असेल तर ते शोभते. लोकल पकडायला धावणाऱ्या माणसाला ते लावता येत नाही. त्याचे आजचे भूतकाळी रूप ‘वेंडेड’ हे आहे.

मूळ. प्राचीन इंग्रजीत ‘विंडन’ म्हणजे वळणे आणि ‘वेंडन’ म्हणजे वळवणे. दुसरे पहिल्याचे प्रयोजक रूप. आधुनिक जर्मनमधील ‘वेंडेन’ हे त्याचे भावंड असून त्याचा अर्थ अजून ‘वळवणे, फिरवणे’ असाच आहे. पूर्व जर्मनीतील १९८९-९० च्या सत्तांतराला जर्मन लोक ‘वेंडे’, म्हणजे वळण, म्हणतात. इंग्रजीतील ‘वाइंड’ (गुंडाळणे, वळणे घेणे) आणि ‘वाँडर’ (भटकणे) हीही याच कुळातली. मध्य युरोपातील स्लाव लोकांना लावले जाणारे ‘वेंड’ हे नाव मात्र निराळे.

वळवण्यापासून जाण्यापर्यंतचा अर्थाचा प्रवास मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. ‘त्याची पावले घराकडे वळली’ म्हणजे तो घरी निघाला. इंग्रजीत नेमके हेच घडले. चौदाव्या शतकाच्या अखेरीस जेफ्री चॉसरने ‘कँटरबरी टेल्स’च्या प्रास्ताविकात इंग्लंडभरातून कँटरबरीला निघालेल्या यात्रेकरूंसाठी हेच क्रियापद योजले. तेथे वळण उरलेले नाही, नुसते जाणे आहे.

‘वेंट’ची गोष्ट. या क्रियापदाचे खरे महत्त्व त्याच्या हरवलेल्या भूतकाळात आहे. ‘गो, वेंट, गॉन’ ही ओळ आपण सगळ्यांनी शाळेत घोकली. ‘गो’चे ‘वेंट’ कसे, असे मुलाने विचारले की ‘तो अपवाद आहे’ म्हणून विषय मिटवला जातो, आणि एक सुंदर उत्तर त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. ‘वेंट’ हे मुळात ‘गो’चे रूप नव्हेच. सेंड–सेंट, बेंड–बेंट, स्पेंड–स्पेंट, तसेच वेंड–वेंट. या रांगेत ते अगदी नियमाला धरून आहे. ‘गो’चा भूतकाळ प्राचीन इंग्रजीत ‘एओदे’ होता, पुढे त्याची ‘येदे’, ‘योदे’ अशी रूपे झाली. पंधराव्या शतकाच्या सुमारास ‘वेंट’ने ती जागा घेतली आणि ‘वेंड’ला स्वतःसाठी ‘वेंडेड’ नव्याने घडवावे लागले. सोळाव्या शतकाच्या शेवटी एडमंड स्पेन्सरने ‘द फेअरी क्वीन’मध्ये ‘योदे’सारखी रूपे वापरली, पण ती मुद्दाम जुनेपणा आणण्यासाठी. उत्तरेकडे ही उलथापालथ पूर्ण झाली नाही. स्कॉट्स बोलीत ‘गो’पासूनच घडवलेले ‘गेड’ हे रूप राहिले. रॉबर्ट बर्न्सच्या कवितांत ते आढळते.

मराठीतील जोड. ‘जाणे’चा भूतकाळ ‘गेला’ आहे, हे आपल्याला खटकत नाही, कारण ते आपण आईकडून शिकलो. पण येथेही दोन धातू एका संसारात नांदतात. ‘जातो’ हे संस्कृत ‘या’ धातूपासून (याति, प्राकृत जाइ) आले, ‘गेला’ हे ‘गम्’च्या ‘गत’पासून. ‘जाला’ हे रूप जुन्या मराठीत होते, पण त्याचा अर्थ ‘झाला’. ‘गेला’ आणि ‘गो’ यांतील ‘ग’ पाहून नाते जोडण्याचा मोह होतो, तो टाळावा. ‘गम्’चा इंग्रजीतील खरा सगोत्र ‘कम’ म्हणजे ‘ये’ हा आहे.

असे परके रूप आत येण्याला पाणिनीय व्याकरणात ‘आदेश’ म्हणतात, आणि ज्याच्या जागी ते येते तो ‘स्थानी’. ‘दृश्’ धातूचे वर्तमानकाळी ‘पश्यति’ होते, भविष्यकाळी मात्र ‘द्रक्ष्यति’; ‘अस्’चा भविष्यकाळ ‘भू’ चालवतो. ‘अपवाद’ या शब्दापेक्षा ही परिभाषा ‘वेंट’ला कितीतरी नेमकी लागू पडते: ‘गो’ हा स्थानी, ‘वेंट’ हा आदेश.